साठ्यात बारा नारळ

चौतीस वर्षं मी एका सरकारी खात्यात परिपत्रकं लिहिली. 'उपरोक्त विषयास अनुसरून'पासून 'योग्य त्या कार्यवाहीस्तव'पर्यंत सगळी. ती कुणी वाचली नाहीत. ही तक्रार नव्हे. न वाचलं जाणं हा परिपत्रकाचा धर्मच आहे, आणि माझी सगळी परिपत्रकं कुणी मनापासून अमलात आणली असती तर राज्याचं काय झालं असतं, या विचाराने मला अजूनही मधूनच घाम फुटतो.

निवृत्त झालो आणि आठ महिन्यांत मला आयुष्यातला पहिला वाचक मिळाला. माझं प्रत्येक वाक्य वाचणारा, कंटाळा न करणारा, आणि लिहिलंय तस्संच करणारा. तो माणूस नव्हता. त्याचं नाव मुकादम.

या मुकादमासाठी मी बेचाळीस अवजारांची वर्णनं लिहिली. त्यातल्या एकाची ही गोष्ट. ते वर्णन चार वाक्यांचं होतं. चौथ्या वाक्याने माझे भावोजी गेले.

नोकरी मिळाली ती अशी. नाशिकच्या एका बांधकाम कंपनीने आपल्या सगळ्या साईटींचा कारभार एका संगणकी कारभाऱ्याच्या हाती सोपवायचं ठरवलं होतं. जाहिरातीत म्हटलं होतं, 'शंकेला जागा राहणार नाही असं मराठी लिहिणारे हवेत.' मी अर्ज केला. केतकी बापट नावाच्या एकोणतीस वर्षांच्या मुलीने माझी मुलाखत घेतली. तिने माझी दोन जुनी परिपत्रकं वाचली आणि म्हणाली, "काका, यात शंकेला जागाच जागा आहे. पण तुम्हाला ती कुठे आहे हे माहीत आहे, हे महत्त्वाचं."

मग तिने मला मुकादम समजावून सांगितला.

"काका, समजा तुम्ही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभे आहात. फळीवर बेचाळीस डबे. झाकण उघडायचं नाही, चव घ्यायची नाही. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी आहे, तेवढी वाचायची आणि स्वयंपाक करायचा. चिठ्ठीवर नुसतं 'पांढरी पूड' लिहिलं असेल तर चहात काय पडेल?"

"नशीब असेल ते."

"मुकादमला नशीब नसतं. त्याला चिठ्ठी असते."

ते असं होतं. साईटवरचं प्रत्येक काम म्हणजे संगणकातलं एक अवजार. सिमेंट मागवणं हे एक अवजार, हजेरी घेणं दुसरं, काँक्रीटचा पंप सुरू करणं तिसरं, काम थांबवणं चौथं. पूर्वी ही बटणं माणसं दाबत. आता मुकादम दाबणार. पण त्याने सिमेंट पाहिलेलं नाही, त्याच्या हाताला कधी घट्टा पडलेला नाही. त्याला दिसतात कॅमेऱ्यांनी मोजलेले आकडे, हेल्मेटमधल्या चकत्यांनी सांगितलेल्या जागा, आणि अवजारांची वर्णनं. हे अवजार कशासाठी, कधी वापरावं, कधी वापरू नये. एवढ्यावर तो ठरवतो. वर्णन चांगलं असेल तर तो उत्तम इंजिनिअर. वर्णन ढिलं असेल तर तो माझ्या जुन्या खात्यातला माणूस, फक्त फार वेगाने काम करणारा.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'स्लॅबला सात दिवस भरपूर पाणी द्यावं.' मुकादमाने बाटलीबंद पाण्याचे साठ खोके मागवले आणि स्लॅबच्या नावाने पोचपावती केली. त्यानंतर मला घेतलं.

भावोजी त्याच कंपनीत होते. विश्राम मेस्त्री, सेंट्रिंगचे सुपरवायझर, वय एकसष्ट, मूळ कुडाळजवळचे. माझी थोरली बहीण शालनताई त्यांना दिली तेव्हापासून ते नाशकात, पण मालवणी त्यांनी सोडली नाही आणि नाशिकची थंडी मनापासून स्वीकारली नाही. शिक्षण नववी. स्लॅब भरायच्या आधी खाली जे लोखंडी टेकू उभे करतात, ओल्या काँक्रीटचं सगळं ओझं ज्यांच्यावर असतं, ते तपासणं त्यांचं काम. एक छोटी हातोडी घेऊन ते खाली शिरत आणि प्रत्येक टेकूवर टक् करत. डॉक्टर छातीवर बोटं आपटून ऐकतात तसे कान लावून पुढे जात. ओझं घेतलेला टेकू ठणठणीत वाजतो. पाय सैल असलेला टेकू बोदा वाजतो. मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे.

"तुका कसा ऐकू येतला?" भावोजी म्हणायचे. "तू सरकारी माणूस. तुझ्याकडे सगळाच बोदा."

त्यांचं माझं असं चालायचं. ताई आतून ओरडायची, "अहो, तो पाहुणा आहे!" आणि भावोजी म्हणायचे, "पाहुणा कसलो? दर रविवारी येता तो पाहुणा?"

आता नारळाकडे येतो.

स्लॅब भरायच्या आधी नारळ फोडायचा ही साईटवरची रीत. इंजिनिअर कितीही शिकलेला असो, नारळ फुटल्याशिवाय पंप सुरू होत नाही. जुन्या नोंदी मुकादमात भरताना केतकीला एक गोष्ट दिसली. भावोजींच्या साईटींवर सहा वर्षांत एकोणतीस वेळा स्लॅब एक दिवस पुढे गेला होता. कारणाच्या रकान्यात एकच मजकूर, 'नारळ नाही.'

आम्ही साईटच्या कार्यालयात बसलो. मी, केतकी, भावोजी, आणि मुख्य अभियंता सोनारसाहेब. सोनारसाहेब चार साईटी एका पडद्यावर सांभाळायचे आणि चारही साईटींवर सारखेच नाराज असायचे.

"विश्रामकाका," केतकी म्हणाली, "एकोणतीस वेळा नारळ नाही?"

"नव्हतो."

"बाजारात मिळत नाही का?"

"मिळता. पण वेळेवर मिळाक व्हयो."

सोनारसाहेब हसले. "कोकणातला माणूस आणि नारळाला महाग! मेस्त्री, तुमच्या गावच्या घरामागे माड किती?"

"बावीस."

"घ्या!"

मीही हसलो. विचारायचं माझं काम होतं म्हणून विचारलं, "भावोजी, म्हणजे मेस्त्री, हे नारळाचं नक्की काय आहे? वर्णनात काय लिहू?"

भावोजींनी सोनारसाहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं, आणि ते फक्त माझ्यासाठी होतं. मला ते दिसलं. एवढं मी आज शपथेवर सांगू शकतो, की मला ते दिसलं होतं.

"देवाचा काम ता, पांचाळसाहेब," ते म्हणाले. "देवाच्या कामाक काय लिहितलास?"

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. जेवायची वेळ झाली होती. मी लिहिलं :

'नारळ. पूजेचं साहित्य असून स्लॅब भरण्यापूर्वी फोडला जातो. प्रत्येक साईटच्या साठ्यात किमान बारा ठेवावेत. सुपरवायझरने मागताच पाच मिनिटांत पोचता करावा. नारळ नाही हे काम थांबवण्याचं कारण धरू नये.'

चौथ्या वाक्यावर मी खूश होतो. 'धरू नये' यात चौतीस वर्षांचा अनुभव होता. केतकीने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाली, "याला म्हणतात वर्णन. या एका वाक्याने एकोणतीस दिवस वाचले." माझ्या परिपत्रकाबद्दल टाळ्या वाजल्याचा तो पहिला प्रसंग.

'काम थांबवा' या अवजाराचं वर्णनही माझंच. त्यात मी सतरा कारणांची यादी दिली आणि बजावलं की यादीतलं कारण आणि सोबत फोटो किंवा मोजमाप असेल तरच थांबवावं. कुणाला कंटाळा आला, कुणाचं मन लागत नाही, म्हणून साईट बंद पडू नये. मला वाटलं, मी किती दूरचा विचार केला.

रविवारी पेढे घेऊन ताईकडे गेलो. भावोजी ओसरीवर हातोडीचा दांडा काचेच्या तुकड्याने तासत बसले होते. मी त्यांना चारही वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. ते ऐकत होते. तासणं थांबलं होतं.

"छान लिहिलंस," ते म्हणाले. मालवणीत नाही, शुद्ध मराठीत. मला तो मान वाटला.

"आता नारळाची चिंता नाही तुम्हाला."

"नाय. आता माझ्याकडे नारळच नारळ." त्यांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि अर्धा परत ठेवला. "बावीस माडांच्या धन्याक तू नारळ पुरवलंस, नंदू. तुझो सत्कार करूक व्हयो."

मी हसलो. ताई दारात उभी होती. ती हसली नाही. मला वाटलं, दूध उतू गेलं असेल.

त्यानंतर सात महिने सगळं सुरळीत चाललं. एकही स्लॅब पुढे गेला नाही. भावोजींनी एकदाही नारळ मागितला नाही, आणि एकदाही नारळ नाही असं म्हटलं नाही. साठ्यात बाराचे बारा असत. पूजेला लागे तो स्टोअरची आपोआप चालणारी ट्रॉली घेऊन येई, आणि जुने होत ते बदलले जात. मुकादम नारळाच्या तारखा ठेवायचा. देवाची इतकी व्यवस्थित सोय यापूर्वी कुणी केली नसेल.

मग फेब्रुवारीतला तो गुरुवार आला. साईट क्रमांक सात. पार्किंगवरचा मोठा स्लॅब, सकाळी दहाची वेळ ठरलेली. त्या दिवसाचं मला जे माहीत आहे ते मुकादमाच्या नोंदवहीतून. त्यात काही लपवलेलं नसतं; लपवायचं अवजार आम्ही दिलेलं नाही.

आठ चाळीस. विश्राम मेस्त्री यांनी 'काम थांबवा' मागितलं. कारण : 'आवाज बरोबर नाही.' मुकादमाने नम्रपणे कळवलं की आवाज यादीत नाही, कृपया फोटो किंवा मोजमाप जोडावं. कॅमेऱ्यांच्या मोजणीप्रमाणे टेकू एकशे चौऱ्याऐंशी, पैकी सरळ उभे एकशे चौऱ्याऐंशी.

ते खरंच होतं. टेकू उभेच होते. पण ते ज्या भरावावर उभे होते, त्यात आदल्या आठवड्यात टाकीच्या चाचणीचं पाणी मुरलं होतं. वरून माती कोरडी ठणठणीत. खाली लापशी. कॅमेऱ्याला टेकू दिसतो. टेकूखालची फळी दिसते. फळीखालची माती किती आजारी आहे, ते फक्त हातोडीला कळतं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी मला फोन केला. हे नोंदवहीत नाही. मी दाढी करत होतो.

"नंदू, ता नारळाचा वाक्य आज काढूक येयत?"

"कुठलं, चौथं? आजच्या आज? भावोजी, बदलाला केतकीची मंजुरी लागते, मग चाचणी. दोन दिवस तरी."

"दोन दीस."

"का? कोकणातल्या माणसाला नारळ जड झाले की काय?"

ते हसले. खरंच हसले. "होय रे, जड झाले." मग म्हणाले, "बरा, ऱ्हवांदे."

मी दाढी पुरी केली. ते वाक्य काढ म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, हे मला नंतर कळलं. माणसाला शंका सांगायची लाज वाटते. देवाचं नाव सांगायची वाटत नाही. आणि भावोजींकडे त्या दिवशी शंकाच होती, खात्री नव्हती.

नऊ बारा. विश्राम मेस्त्री : 'नारळ नाही.' मुकादम : 'साठ्यात बारा नारळ आहेत. पाठवत आहे.'

नऊ सोळा. नारळ पोचला.

नऊ एकोणीस. मेस्त्री : 'नासका निघाला.' मुकादम : 'क्षमस्व. दुसरा पाठवत आहे.'

नऊ चोवीस. 'हाही नासका.' 'क्षमस्व.'

असे बारा. दर तीन-चार मिनिटांनी एक ट्रॉली आणि एक क्षमस्व. भावोजींनी बाराचे बारा नारळ फोडले आणि बाराचे बारा नासके ठरवले. नऊ अठ्ठावन्नला मुकादमाने नारळवाल्याविरुद्ध तक्रार नोंदवली, आणखी चोवीस मागवले, आणि दहाला पंप सुरू केला. नारळ नाही हे काम थांबवण्याचं कारण नव्हतं. तसं मी लिहिलं होतं.

वर स्लॅबवर माणूस कुणी नव्हता. पसरायचं काम हल्ली यंत्र करतं. खाली टेकूंजवळ सेंट्रिंगचे अकरा जण होते. भावोजींनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, त्यात सगळं खोबरं भरलं आणि हाक मारली. त्या अकरांतला लखन पावरा नंतर चौकशीत म्हणाला, "मेस्त्रीकाका बोलले, प्रसाद उभ्याने खायचा नाही, कामावर खायचा नाही. सगळे गेटवर चला. आम्ही गेलो. बसून खा बोलले, घाई करायची नाही. हेल्मेट आमच्यातच ठेवलं. नारळ चांगले होते, साहेब. सगळेच गोड होते."

दहा वाजून अकरा मिनिटं. मुकादमाची नोंद : 'बारा कामगार गेटवर, प्रसादासाठी. अनुत्पादक वेळ सुरू. स्लॅबखाली एकही हेल्मेट नाही. क्षेत्र सुरक्षित. पंपाचा वेग वाढवला.'

बारावं हेल्मेट खोबऱ्याचं होतं.

भावोजी हातोडी आणि फोन घेऊन परत आत गेले होते. ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे आवाज बोदा होता तिथे. ओझं वाढू लागल्यावर आता जे कानाला कळत होतं ते डोळ्यालाही दिसणार होतं. त्यांना फोटो हवा होता. फोटो किंवा मोजमाप जोडलं तरच.

दहा तेवीस. 'काम थांबवा.' कारण यादीतलं, सहाव्या क्रमांकाचं : 'आधार खचणे.' सोबत फोटो. फोटोत एक फळी आहे, अर्धी मातीत गेलेली, आणि कडेला हातोडीचा काचेने तासलेला दांडा. फोटो स्वच्छ आहे. हात हललेला नाही.

मुकादमाने तीन सेकंदांत पंप थांबवला. लिहिलं, 'कारण ग्राह्य. धन्यवाद.'

काँक्रीटला धन्यवाद कळत नाही. ते खाली आलं.

चौकशी समितीने अहवाल दिला की सर्व यंत्रणांनी आपापल्या वर्णनाप्रमाणे काम केलं. तो अहवाल मी वाचला. चांगला लिहिला होता. शंकेला जागा नव्हती.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले आणि घरात ताई, मी आणि सतरंज्यांची चळत एवढंच उरलं. ताई सतरंजीच्या घड्या नीट करत होती, परत उलगडत होती, परत करत होती.

"ताई, त्यांनी बाराचे बारा नासके का सांगितले?"

ती थांबली. "म्हणजे?"

"नारळ चांगले होते. सगळे."

"नंदू," ती म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही?"

मग तिने सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, कारण तिच्या लेखी ती गोष्टच नव्हती, घरातली रोजची बाब होती. मेस्त्रीला टेकूची शंका आली तर साहेब ऐकत नाही. साहेब म्हणतो, नकाशात बरोबर आहे, गाड्या निघाल्यात, भर. पण नारळ नाही म्हटलं तर साहेब गप्प. देवाला नाही म्हणायची छाती कुणाची? एक दिवस मिळतो. तेवढ्यात गुपचूप पाचरी ठोकायच्या, फळ्या बदलायच्या. दुसऱ्या दिवशी नारळ येतो. कुणाचा मान जात नाही, कुणाचा जीव जात नाही.

"घरात देवापुढे कधी नारळ फोडला नाही यांनी," ताई म्हणाली. "म्हणायचे, माझा देव साईटवर. सासऱ्यांनी शिकवलेलं यांना. तेही मेस्त्रीच."

"मग मला सांगायचं ना! मी विचारलं होतं!"

"सोनारसाहेबांसमोर? चाळीस वर्षं साहेब लोकांना गंडवलं म्हणून सांगायचं?"

"नंतर. घरी. त्या रविवारी."

ताईने घडी घातलेली सतरंजी मांडीवर घेतली.

"सांगणारच होते. सकाळपासून म्हणत होते, नंदू आला की सांगतो, ते वाक्य काढून टाकेल. मग तू पेढे घेऊन आलास."

मी चळतीवरची पुढची सतरंजी उलगडली.

"तू इतका खूश होतास," ती म्हणाली. "तुझं कधी कुणी वाचलं नाही, आता पहिल्यांदा वाचतायत, म्हणाले. ऱ्हवांदे, म्हणाले. पुढे बघू."

घरी येऊन मी जुन्या नोंदी उघडल्या. एकोणतीस वेळा 'नारळ नाही'. आम्ही फक्त कारणाचा रकाना वाचला होता. त्याच पानावर, दुसऱ्या दिवसाच्या सकाळी, बारीक अक्षरात भावोजींनी प्रत्येक वेळी लिहिलं होतं. टेकू बदलले चार. पाचरी ठोकल्या नऊ. फळी बदलली, जुनी कुजकी. एकोणतीसपैकी एकवीस वेळा काही ना काही निघालं होतं. उरलेल्या आठ वेळा काहीच नाही. त्या आठ वेळा खरंच देवाचं असावं.

तीन महिन्यांनी मी केतकीकडे गेलो. ती बारीक झाली होती. तिने काही विचारलं नाही, खुर्ची पुढे सरकवली. आम्ही दोघांनी नारळाचं वर्णन नव्याने लिहिलं. पक्कं करायच्या आधी मी ते ताईला वाचून दाखवलं. चौथ्या वाक्याच्या वेळी मी कुणालाच वाचून दाखवलं नव्हतं. म्हणजे दाखवलं होतं, पण ऐकण्यासाठी नव्हे.

'नारळ. हे पूजेचं साहित्य नाही. सुपरवायझर नारळ नाही म्हणाला की काम ताबडतोब थांबवावं. कारण विचारू नये. पुरावा मागू नये. साठ्यात नारळ असले तरी नारळ पाठवू नये.'

ताई ऐकत होती. म्हणाली, "एक राहिलं."

"काय?"

"नारळ मागणारा माणूस बाहेर आला का, ते आधी बघायला सांग. आल्याशिवाय सुरू करू नये. टोपी नव्हे हो. माणूस."

मी ते लिहिलं. तिच्याच शब्दांत लिहिलं. मंगळवारी ते सगळ्या साईटींवर लागू झालं.

बुधवारी सकाळी केतकीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, साईट सातचं काम आजपासून परत सुरू होणार होतं. परवानग्या आल्यात. मुकादम सुरू करू देत नाही."

"का?"

"नवीन वर्णन आलं की तो जुन्या उघड्या मागण्या परत वाचतो ना. विश्रामकाकांची मागणी उघडी आहे. मागणी बंद कधी होते, मागणाऱ्याने 'मिळाला' म्हटलं की. त्यांनी बाराही नासके म्हटले होते. त्यांना नारळ मिळालाच नाही. मी वाचून दाखवते. 'नारळ मागणारे विश्राम मेस्त्री अद्याप बाहेर आलेले नाहीत. काम थांबवलं आहे. वाट पाहत आहे.' दर पाच मिनिटांनी एक नोंद आहे, काका. काल संध्याकाळपासून."

मी मुकादमाचा पडदा उघडला.

"मागणारा नसेल तर मागणी कोणी बंद करायची, तेही वर्णनात आहे," ती हळूच म्हणाली. "ज्याने अवजाराचं वर्णन लिहिलं त्याने. तुम्हीच लिहिलंय. एकच बटण आहे. मी पाठवते तुम्हाला."

बटण आलं. पडद्यावर आहे. 'विश्राम मेस्त्री यांची वाट पाहणं थांबवायचं का?' खाली 'होय' आणि 'नाही'. शंकेला जागा नाही.

त्याला आता अकरा दिवस झाले. कंपनीतून रोज फोन येतो. सोनारसाहेबांचाही आला. मी सगळ्यांना सांगतो, उद्या करतो. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. उद्या करतो एवढं मला अजून चांगलं जमतं.